खुलासा: ड्युनेडिनचे पेंग्विन संध्याकाळी सहाला येत नाहीत

‘न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला संध्याकाळी सहाला पायलट्स बीच गाठा, पेंग्विन फुकटात दिसतात’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. छोटे निळे पेंग्विन दिवसभर समुद्रात मासे पकडतात आणि अंधार पडल्यावरच किनाऱ्यावर येतात. तिथे डिसेंबरात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, सूर्यास्तच साडेनऊच्या सुमारास होतो, जूनमध्ये मात्र पाचच्या आसपास. त्यामुळे सहाची वेळ उन्हाळ्यात तर सपशेल फसवी. शिवाय संध्याकाळी हा किनारा बंद असतो. प्रवेश फक्त मार्गदर्शकासोबत, तिकीट काढून. शहरापासून अंतर सुमारे ३० किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा, तेव्हा पाऊण तास तरी धरा. फ्लॅश किंवा बॅटरी मारू नका. बिचकलेला पक्षी पाण्यातच थांबतो आणि पिल्लं उपाशी राहतात. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका.