मंगळावर ‘समुद्र सापडला’? थोडं थांबा

आमच्या लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “मंगळाच्या पोटात समुद्र सापडला, त्यात जीवजंतूही आहेत. तिथं पोचायला पैसा आहे, लातूरला प्यायच्या पाण्याला नाही.” त्यातली तहानेची कळ माझीही आहे. बाकी मेसेज चुकीचा आहे.

आधी समुद्राचं. ते पाणी कुणी पाहिलेलं नाही. नासाच्या इनसाइट यानानं २०१८ ते २०२२ एकाच जागी बसून मंगळाचे भूकंप मोजले. लहरी किती वेगानं आल्या, यावरून २०२४ मध्ये काही संशोधकांनी अंदाज मांडला, की तिथं साडेअकरा ते वीस किलोमीटर खोल, भेगाळलेल्या खडकात पाणी असावं. सगळीकडं असंच असेल असं धरून हिशेब केला, तेव्हा कुठं समुद्राएवढं पाणी भरलं. म्हणजे डोह नाही, फटींतलं पाणी. आपल्या बोअरचं पाणीही काळ्या पाषाणाच्या फटींतच असतं. आमच्या शेतात पाणाड्यानं नारळ फिरवून दाखवलेल्या जागी ९०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला, आणि बांधापलीकडं शेजाऱ्याला दोन इंची पाणी लागलं. एका जागेवरून अख्ख्या ग्रहाचं पाणी सांगणं किती जोखमीचं, ते इथं बोअर मारलेल्या कुणालाही विचारा.

ते उपसता येईल, हेही नाही. माणसानं पृथ्वीवर मारलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२,२६२ मीटर. त्याला जवळपास वीस वर्षं लागली.

जीवजंतू अजून सापडलेले नाहीत. शोध मात्र वेडेपणाचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, खडकाच्या फटींतल्या पाण्यात एक जिवाणू ऊन न बघता जगतो. खडकातल्या किरणोत्सारामुळं पाण्यातून सुटणारा हायड्रोजन हीच त्याची शिदोरी. मंगळाच्या पोटात ओल असेल तर असंच काही टिकलं असेल, एवढीच आशा आहे. मला ती फार मोलाची वाटते.

राहिला पैसा. इनसाइट अमेरिकेचं, आपला रुपया त्यात नव्हता. आपलं मंगळयान साधारण ४५० कोटींचं, आणि ते भूजल शोधायला गेलंच नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा पाऊस सलग दोन वर्षं हुकला होता, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि जिल्ह्यात भरमसाट पाणी पिणारा ऊस होता. यात मंगळाचा काही संबंध नव्हता.