साग्रीत सागरातून आलेला नाही

‘गुन्ह्यातल्या भागीदाराला आपल्याकडे शब्दच नव्हता, कारण ती वृत्तीच नव्हती. साथीदार आणि हस्तक परक्यांनी आणले. साग्रीत म्हणजे सागरावरच्या चाच्यांचा सोबती. साटेलोटे म्हणजे वाटून घेतलेली लूट. म्हणून नवऱ्याला किंवा बायकोला चुकूनही साथीदार म्हणू नका.’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे. अभिमान चांगला, पण इथे जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेले आहे.

आधी वृत्तीचे बघू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात चोरांना जेवू घालणाऱ्यांना आणि आसरा देणाऱ्यांनाही देहदंड सांगितला आहे. जेवू घालणाऱ्यांना तिथे ‘भक्तदायक’ असे नावच आहे. हा भक्त देवाचा नव्हे. भक्त म्हणजे शिजवलेले अन्न, ज्याच्यापासून आपला भात आला. कौटिल्याची यादी आणखी लांब आहे: जेवण, जागा, साधने, विस्तव, सल्ला. असे लोकच नव्हते, तर हे दंड कुणासाठी लिहिले?

साथीदार परका? अर्धाच. ‘दार’ फारसी आहे, ठाणेदार-जमीनदारातला. ‘साथ’ मात्र संस्कृत ‘सार्थ’पासून, प्राकृतातल्या ‘सत्थ’वरून आली. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. म्हणजे दरोडेखोर ज्यांना वाटेत लुटायचे, त्यांचाच शब्द पुढे दरोडेखोरांच्या सोबत्याला मिळाला! खरे तर ‘साथी’ म्हटले की सोबती आलाच. ‘दार’ची गरज नव्हती. पण मराठीला हे शेपूट आवडते.

हस्तक तर सरळ संस्कृत. हस्त म्हणजे हात. दुसऱ्यासाठी काम करणारा हात तो हस्तक. नृत्यातल्या हाताच्या मुद्रेलाही हस्तकच म्हणतात, आणि तिथे कुणी पोलिसांना बोलावत नाही.

साग्रीत हा यातला सगळ्यात मजेदार शब्द. त्याचे मूळ फारसी ‘शागिर्द’, म्हणजे शिष्य. बोलताना ‘र’ने जागा बदलली, शेवटच्या ‘द’चा ‘त’ झाला, आणि शागिर्दाचा साग्रीत झाला. समुद्राचा थेंबही नाही. पेशवाईत ‘शागीर्दपेशा’ म्हणजे वाड्यातला चाकरवर्ग, तेव्हा शिष्य आधी चाकर झाला होताच. पुढची पायरी टोळीची. अर्थ असा घसरणे नवे नाही. चेला हाही शिष्यच, पण ‘चेलेचपाटे’ म्हटल्यावर कुणाला पाठशाळा आठवते? फारसी ‘उस्ताद’ आपल्याकडे ‘वस्ताद’ होऊन लबाडीकडे झुकला. गुरूची ही गत, तर शिष्याने साग्रीत का होऊ नये? इंग्रजीत गुंडाच्या हस्तकाला म्हणतात तो ‘हेंचमन’ही मुळात घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार होता.

साटेलोट्यात लूट शोधणाऱ्याने मात्र कमाल केली. साटे म्हणजे अदलाबदल. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घ्यायच्या, हे मूळ साटेलोटे. आज आपण अधिकारी आणि ठेकेदार यांच्या संगनमताला हा शब्द वापरतो, तेव्हा सोयरीकच सुचवत असतो.

राहिला घरातला सल्ला. गायकाच्या मागे तबल्या-पेटीवर बसणाऱ्यांना साथीदारच म्हणतात. जोडीदार आणि भागीदार हे त्याच घडणीचे शब्द. एक संसारातला, दुसरा दुकानातला. बदनामी शब्दात नाही, गुन्ह्याच्या बातमीत तो रोज छापला जातो म्हणून चिकटली आहे. ‘साथी’ तर समाजवादी चळवळीत आदराने नावाआधी लावत. बायकोला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, व्युत्पत्तीची हरकत नाही.

त्याच संदेशाच्या शेवटी ‘साथीदार म्हणजे दुय्यम, त्याला शिक्षा कमी’ असेही आहे. हे तर धोकादायक आहे. समान इरादा असेल, तर प्रत्येकाने ते कृत्य एकट्यानेच केले असे धरायचे, हे 1860 च्या दंडसंहितेतले कलम 34. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम 3(5) म्हणून कायम आहे. सुटायची एक वाट असते: सगळे खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालयाने माफी दिली, तर साथीदाराचा साक्षीदार होतो. त्यातही साक्षी संस्कृत आणि ‘दार’ फारसी, तेच अनावश्यक शेपूट.