‘ॲम्प घेतला, फरक शून्य’ या एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

‘साडेसहा हजारांचा हेडफोन ॲम्प गळ्यात मारला, आवाज तेवढा मोठा झाला, बाकी फरक शून्य. ॲम्प म्हणजे निव्वळ फसवणूक.’ वाचलं. यातलं निम्मं खरं आहे, आधी तेच बोलतो.

तुमचं जुनं बिल काढून बघितलं. हेडफोन आमच्याकडूनच नेलेला, ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). त्याला आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा ॲम्प लागतच नाही. मोबाईलच्या डोंगलमधून (हेडफोन जोडायची छोटी वायर) १ व्होल्ट मिळाला तरी ३२ ओहमवर ३१ मिलिवॉट होतात, आणि घरात ऐकायला असल्या हेडफोनला १ मिलिवॉटसुद्धा पुष्कळ. काउंटरवरच्या पोरानं ‘हेडफोन कुठला?’ एवढं तरी विचारायचं. नाही विचारलं. मी त्या दिवशी खानापूरला साउंडच्या कामावर होतो, पण ते काही कारण होत नाही. चूक दुकानाची.

फसवणूक हा शब्द मात्र पटला नाही बघा. दुकानात सेनहायझरचा एचडी ६०० ऐकायला ठेवलाय. १९९७ सालचं मॉडेल, ३०० ओहमचं. तोच १ व्होल्ट त्याला दिला तर जेमतेम ३ मिलिवॉट, आणि त्याला ताकद तुमच्या हेडफोनपेक्षा जास्त लागते. सिनेमाची गाणी मुळातच मोठ्या आवाजात भरलेली असतात, ती त्यावरही निभावतात. पण कुमार गंधर्वांचा एखादा संथ आलाप लावा (बेळगावजवळच्या सुळेभावीचे म्हणजे आपलेच की!), व्हॉल्यूम शेवटाला नेला तरी शेजारच्या खोलीतून ऐकल्यागत वाटतं. तिथं ॲम्पचे पैसे वसूल. तरी सूर बदलतात, जादू होते असं मी म्हणणार नाही. आवाज जरा मोठा झाला की कानाला तो चांगलाच वाटतो. म्हणून डेमोला दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा. तसं केलं की तुमच्या हेडफोनवर ॲम्प कुठला नि डोंगल कुठला, मलाही ओळखता येत नाही.

कॉम्प्युटरला लावल्यावर घूं घूं येते, माऊस हलवला की करकर होते, असंही लिहिलंय तुम्ही. ते ॲम्पनं जायचं नाही, उलट तीच घूं घूं मोठी होऊन येईल. कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकमधून वायर काढा आणि यूएसबीचा छोटा डॅक (कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा बाहेरच आवाज करून देणारी डबी) लावून त्यात हेडफोन जोडून बघा. हजार-दीड हजाराचा पुरतो. माझ्याकडनंच घ्या असं नाही.

खोकं फेकलं म्हणून पोरानं ॲम्प परत घेतला नाही, हेही वाचलं. खोकं नसलं तरी चालतंय. ॲम्प, चार्जर आणि तुमचा हेडफोन घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. गल्लीत गाडी लावायला जागा नाही ही तक्रार अगदी खरी, पण तिला माझ्याकडं औषध नाही. सकाळी दहाच्या सुमारास आलात तर दारातच लागेल. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.