2 इंच लांब शॅकल म्हणजे 2 इंच उंच जीप नव्हे

"कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून 2 इंच लांब शॅकल आणा, जुनी जीप 2 इंच उचलते, बाकी काही करायला नको," असा मेसेज मुंबईत फिरतोय. तो चुकीचा आहे. शॅकल म्हणजे कमानपाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी. ती लांब केली की पाट्याचं एकच टोक खाली सरकतं, म्हणून पाट्याच्या मध्यावर बसलेल्या ॲक्सलपाशी (चाकांच्या आडव्या दांड्यापाशी) उंची जेमतेम 1 इंच वाढते. खरा धोका पुढच्या चाकांना. तिथे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि हायवेवर स्टिअरिंग भरकटतं. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून कॅस्टर परत आणावाच लागतो. चाकं लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जात नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.