नानांची स्कूटर आणि फॉर्म्युला वनचं पेट्रोल

गेल्या रविवारी सकाळी देवगडला नानांकडे गेलो, तर पडवीत पाय ठेवायच्या आधीच पेट्रोलचा वास. स्कूटरखाली सारवलेल्या जमिनीवर ताटाएवढा ओला डाग. तिथून दहा-बारा पावलांवर न्हाणीत काकीने आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवलेली, आत नारळाची सोडणं ढणढणतायत. आधी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, काकीच्या शिव्या खाल्ल्या, मग स्कूटर ओढत खळ्यात नेली. नानांना म्हटलं, दिवाळीतच मेकॅनिकने नळी बदला म्हणून सांगितलेलं ना? नानांनी काही न बोलता मोबाइल पुढे केला. "ह्यां वाच आधी."

'फॉर्म्युला वन २०२६ : सात मोठे बदल'. तुमच्याकडेही आला असेल. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा आला, एकदा तर मुंबईहून इंजिनिअर भाच्याने टाकला. थोडक्यात सांगायचं तर : शर्यतीच्या गाड्या आता इलेक्ट्रिक झाल्या, ड्रायव्हरला काम उरलं नाही, सगळं कॉम्प्युटर करतो, इंधन शंभर टक्के उसाचं इथेनॉल, तेव्हा ई-२०ने, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, जुन्या गाड्या बिघडतात म्हणणारे खोटारडे, पहिला भारतीय ड्रायव्हर आला, ड्रायव्हर हॅमिल्टन निवृत्त झाला आणि वर्स्टॅपेनच्या गाडीवरचा एक नंबर काढून घेतला, गाड्यांचं वजन निम्मं झालं, आणि यंदा शर्यत पुन्हा भारतात. खाली तीन हात जोडलेले आणि 'गळे काढणाऱ्यांना दाखवाच' अशी आज्ञा.

नानांनी तीस वर्षं वडापची जीप मारली आहे. कार्ब्युरेटर डोळे मिटून उघडतात. अशा माणसाने मेकॅनिकचं न ऐकता या मेसेजचं ऐकलं, म्हणून हे लिहायला बसलो. सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण चूल त्याच्यापायी विझवावी लागली.

मेसेजमधलं वाक्य असं आहे : 'ताशी ३०० किलोमीटरने पळणारं इंजिन इथेनॉलवर टिकतं, तर तुमच्या स्कूटरला काय धाड भरली?'

पहिली गोष्ट, ते इथेनॉल नाही. २०२२ ते २०२५ या चार हंगामांत फॉर्म्युला वनच्या इंधनात १० टक्के इथेनॉल होतं, हे खरं. म्हणजे आपल्या पंपावर असतं त्याच्या निम्मं. २०२६पासून नियम म्हणतो की इंधन शंभर टक्के शाश्वत स्रोतांतून आलेलं हवं : हवेतून किंवा कारखान्यातून पकडलेला कार्बन, शहरांचा कचरा, खाण्यात न येणारा जैविक माल. त्यापासून प्रयोगशाळेत जे बनतं ते गुणधर्माने पेट्रोलच्याच जातीचं. जमिनीतून निघालेलं नाही, इतकाच फरक. 'शंभर टक्के शाश्वत' याचं 'शंभर टक्के इथेनॉल' कुणी केलं देव जाणे. आपल्याकडचं इथेनॉल उसाचा रस, मळी, मका आणि तांदूळ यांच्यातून येतं. अन्नाशी स्पर्धा करणारा कच्चा माल तर तिथल्या व्याख्येतच बसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा, ते इथेनॉलच असतं. तरी त्याने काय सिद्ध झालं असतं? फॉर्म्युला वनचं इंजिन एखादं ठरलेलं इंधन समोर ठेवूनच घडवतात. प्रत्येक ड्रायव्हरला अख्ख्या हंगामाला तीन-चार इंजिनं मिळतात. एक इंजिन काही हजार किलोमीटर पळतं आणि मग निवृत्त. त्याची नळी, सील, पंप सगळं त्या इंधनाला चालेल असं निवडलेलं, आणि शर्यत संपली की पुन्हा तपासलेलं. नानांची स्कूटर १९९८ची. तिची रबरी नळी बनवणाऱ्याने इथेनॉलचा विचारही केलेला नसणार. ती स्कूटर जून ते सप्टेंबर पडवीत गोणपाटाखाली उभी असते, आणि आपल्या पावसात पडवीतल्या मिठाला पाणी सुटतं, टाकी काय कोरडी राहणार? पेट्रोल पाणी धरत नाही, इथेनॉल धरतं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक उघडला की तेच आधी कार्ब्युरेटरमध्ये येतं. चार महिन्यांनी किक मारून मारून पाय दुखतात ते त्यामुळे.

बरं, माझ्यावर नका विश्वास ठेवू. नीती आयोगाचा २०२१चा इथेनॉल मिश्रणाचा आराखडा आहे, ई-२० आणायचं ठरलं ते त्याच्या आधारावर. म्हणजे हा विरोधकांचा कागद नव्हे. त्यात सरळ लिहिलंय की जी वाहनं मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनली आणि १० टक्क्यांसाठी जुळवली, त्यांत ई-२०मुळे चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल. मुळात १० टक्क्यांसाठी बनून ई-२०साठी जुळवलेल्या चारचाकींत ती घट १ ते २ टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२०च्या बाजूने खुलासा काढला, त्यातही काही जुन्या वाहनांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं म्हटलंच आहे. सरकार स्वतः 'रबर बदला' म्हणतंय आणि मेसेजवाले म्हणतात, बदला म्हणणारा खोटारडा.

आता थोडं त्यांच्या पदरात टाकतो, नाइलाजाने. ई-२० म्हणजे विष नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळायची ताकद, पेट्रोलपेक्षा जास्त आहे. एप्रिल २०२३नंतर घेतलेल्या गाडीने या रबराच्या चिंतेत झोप घालवायचं कारण नाही. माझी गाडी २०२४ची आहे, मी बिनधास्त भरतो. आणि नानांची नळी सत्तावीस वर्षांची होती, ती साध्या पेट्रोलवरही कधीतरी फुटलीच असती; सगळं पाप इथेनॉलच्या माथी मारणं हाही अप्रामाणिकपणा. एवढंच काय, उसापासून बनलेल्या इथेनॉलवर पळणारी एक मोठी शर्यत जगात खरंच आहे : अमेरिकेतली इंडीकार. २०२३पासून तिचं इंधन मुख्यतः उसाच्या उरलेल्या चोथ्यातून काढलेलं इथेनॉल आहे. मेसेज लिहिणाऱ्याने जरा वाचलं असतं तर त्याला हे आयतं सापडलं असतं. पण तिथलीही इंजिनं त्याच इंधनासाठी जुळवलेली. सत्तावीस वर्षं पडवीत उभी नव्हती.

एक बारकावा मात्र मला फार आवडला. आतापर्यंत फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाला तासाला किती किलो इंधन द्यायचं यावर मर्यादा होती, १०० किलो. नव्या नियमांत मर्यादा किलोवर नाही, ऊर्जेवर आहे : तासाला ३००० मेगाज्यूल. का? कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंधनात किलोमागे ऊर्जा कमी-जास्त असू शकते. म्हणजे ज्या खेळाचा दाखला देऊन 'सगळं इंधन सारखंच' असं आपल्याला सांगितलं जातंय, त्या खेळाने सगळं इंधन सारखं नसतं हे नियमातच लिहून ठेवलंय.

आता बाकीचे मुद्दे, वेगाने.

इलेक्ट्रिक झाल्या? नाही. १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन जागेवर आहे. विजेच्या मोटारीची ताकद १२० किलोवॉटवरून ३५० केली, इंजिनाची साधारण ४०० किलोवॉटवर आणली, म्हणून 'अर्धं-अर्धं' म्हणतात. टर्बोला जोडलेली दुसरी मोटार, जी महाग आणि किचकट होती, ती काढून टाकली. बॅटरी प्लगला लावून चार्ज होत नाही, ब्रेक मारताना आणि इंजिनाच्याच जोरावर भरते. पूर्ण विजेवरची शर्यत वेगळी, फॉर्म्युला ई. ती फेब्रुवारी २०२३मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठाने पळूनही गेली. दोन्हींच्या नावात फॉर्म्युला आहे, म्हणून एकच? मग मालवण आणि मालवणी मसालाही एकच.

ड्रायव्हरला काम नाही, हे वाचून मी मोठ्याने हसलो. २०११पासून चालत आलेलं डीआरएस गेलं, हे बरोबर. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलात तरच मागचा पंख उघडायचा, अशी ती सोय होती. आता पुढचे आणि मागचे दोन्ही पंख हलतात, आणि ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर सगळ्यांनाच, प्रत्येक फेरीत. एका सेकंदाच्या आत असलेल्याला त्याऐवजी जादा वीज मिळते, तिला ओव्हरटेक मोड म्हणतात. पण बॅटरी लहान आणि मोटार दांडगी. इथे उधळलीस तर पुढच्या सरळ पट्ट्यावर हात चोळत बस. कुठे खर्चायची, कुठे साठवायची हा हिशेब ताशी ३०० किलोमीटरवर स्टिअरिंगवरची बटणं दाबत ड्रायव्हरनेच करायचा. हे काम कमी झालं म्हणणाऱ्याला गणपतीत पनवेलहून कणकवलीपर्यंत एकदा गाडी आणायला सांगा. तिथे एवढं सोपं असूनही माणूस घामाघूम होतो.

पहिला भारतीय ड्रायव्हर. इथे मला खरा राग आला. नारायण कार्तिकेयन मार्च २००५मध्ये जॉर्डन संघाकडून मेलबर्नला उतरला होता. त्याच वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाले सगळे संघ माघारी फिरले, सहाच गाड्या धावल्या आणि नारायण चौथा आला, पाच गुण. लोक हसतात त्या निकालाला, पण गुणपत्रकात ते आहेत. २०१०मध्ये करुण चंडोक आला. या दोघांना पुसून ज्याला 'पहिला' केलंय तो आर्विड लिंडब्लॅड. अठरा वर्षांचा, इंग्लंडचा, ब्रिटिश झेंड्याखाली धावणारा. वडील स्वीडिश, आईचं घराणं मूळचं भारतीय, त्याचं कौतुक असावं, मलाही आहे. यंदाच्या बावीस जणांत तोच एकटा अगदी नवखा. पण आजोळावरून माणूस वाटून घ्यायचा तर उद्या फिनलंडच्या बोटासची मावशी कणकवलीत निघेल.

हॅमिल्टन निवृत्त नाही. फेरारीत दुसरा हंगाम, वय ४१. गेल्या वर्षी मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तिघांत आला नाही, म्हणून चाहत्यांनी मनातल्या मनात निवृत्त केला असेल तर गोष्ट वेगळी. वर्स्टॅपेनचा एक नंबर कुणी काढून घेतला नाही. तो विजेत्याचा असतो, आणि २०२५चा विजेता लँडो नॉरिस, ४२३ विरुद्ध ४२१, दोन गुणांनी. खरे बदल मेसेजमध्ये नाहीतच. रेड बुल संघात त्सुनोदाच्या जागी इसाक हाजार आला, आणि हाजारच्या रिकाम्या जागेवर हा लिंडब्लॅड. कॅडिलॅक हा अकरावा संघ आला, पेरेझ आणि बोटास या दोन जुन्या खोडांना घेऊन. साउबरचं नाव जाऊन ऑडी झालं. रेनॉने इंजिन बनवणं सोडलं आणि त्यांचाच अल्पिन संघ आता मर्सिडीजचं इंजिन लावणार. घरची आंबराई विकून बाजारातून पेटी आणण्यासारखंच ते. माझ्या मते या वर्षातली सगळ्यात दुःखाची बातमी हीच.

वजन ८०० किलोवरून ७६८. बत्तीस किलो. निम्मं?

आणि भारतात शर्यत : २०२६साठी जाहीर झालेल्या २४ शर्यतींच्या यादीत भारत नाही. नवीन आलंय ते माद्रिद. ग्रेटर नोएडाला २०११, २०१२, २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही जर्मनीच्या व्हेटेलने जिंकल्या, मग कराच्या भांडणात गाडं अडलं ते अडलंच. पहिल्या वर्षी मी रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने गेलो होतो. परत आणतायत असं दरवर्षी कुणीतरी सांगतं, आणि दरवर्षी मी तिकिटाचे पैसे बाजूला काढतो, हे कबूल करतो.

हे सगळं रविवारी दुपारी नानांना खळ्यात बसून वाचून दाखवलं. नवी नळी तोवर बसवून झाली होती. नीती आयोगाच्या आकड्यांवर नाना काही बोलले नाहीत, लिंडब्लॅडमध्ये त्यांना रस नव्हता. एका ठिकाणी मात्र त्यांनी मला थांबवलं.

"इंजिन कितीचा म्हणालंस?"

"सोळाशे सीसी."

"सोळाशे?" नानांनी चष्मा काढला. "अरे, माझ्या जीपचा पंचवीसशे होता! नि ता कुडाळचो चढाव चढताना धापा टाकी."

मग टर्बो म्हणजे काय, यावर तासभर गेला. पहिली शर्यत ८ मार्चला मेलबर्नला आहे, आपल्याकडे सकाळी साडेनऊला. शिमग्याचे दिवस, पण सकाळी मोकळा असल्याचं नानांनी कळवलंय.