शिक्षकाले मोटिव्हेट कसं करावं : नवीन संस्थाचालकांसाठी

राजेहो, नागपुरात बेसा-मानेवाड्याकडे प्लॉट घेतला, बिल्डिंग उभी केली, नावात 'इंटरनॅशनल' पण टाकलं, आता फक्त शिक्षक तेवढे मोटिव्हेटेड पाहिजेत ना? काही कठीण नाही.

पहिले पगाराचं टेन्शन सोडा. हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्येच सांगून ठेवलं की पगारानं माणूस मोटिव्हेट होत नाही, हे मस्त फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावा. पगार कमी असला तर माणूस नाराज मात्र होतोच, असंही तो म्हणाला, पण तेवढं फ्रेममध्ये मावत नाही.

कागदावर पगार दणदणीत दाखवा, बँकेतच टाका, अन् दोन दिवसांनी मॅडमले एटीएममधून काढून अर्धा ऑफिसात आणून द्यायला सांगा. पाकिटावर नाव नाही, पावती नाही, क्लर्कच्या वहीत फक्त टिक. बी.एड. झालेल्या, टीईटी पास बाईले एवढा हिशोब जमतोच, आणि नसेल जमत तर गेटवर बायोडेटा घेऊन चारजणी उभ्याच आहेत, त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं तरी भागते.

ऑर्डर अकराच महिन्यांची द्या. काहून? तर खाजगी शाळांचा १९७७ चा कायदा म्हणतो कायम जागेवर प्रोबेशन नीट काढलं की माणूस कायम, आणि ग्रॅच्युइटी कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षकांना ग्रॅच्युइटी पण लागू केली, पाच वर्षं सलग नोकरी झाली की देणं लागते. म्हणून सलग होऊच द्यायचं नाही बाप्पा, उन्हाळ्यात ब्रेक!

पण ब्रेकमध्ये घरी बसू देऊ नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हातात पत्रकं देऊन ॲडमिशन आणायला दारोदार पाठवा, तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा, स्कूटीचं पेट्रोल ज्याचं त्यानं. दहा ॲडमिशन आणल्या तर जूनची ऑर्डर. मे चा पगार मागितला तर म्हणा, मॅडम, तुम्ही तर सुट्टीवर आहात ना!

५ सप्टेंबरला एक गुलाब, एक पेन, आणि शिक्षक राष्ट्र घडवतो यावर तुमचं भाषण. तर्री-पोहे ठेवा, वर्गणी स्टाफकडूनच.

एवढं करूनही एखादी दुसरीकडे इंटरव्ह्यू देऊन आलीच तर घाबरू नका. जॉइन होतानाच ओरिजिनल मार्कशीटा 'व्हेरिफिकेशन'साठी जमा करून घेतल्या होत्या ना? मागायला आली की क्लर्कले सांगून ठेवा, सर बाहेरगावी गेले, किल्ली त्यांच्याजवळ आहे, सोमवारी या.