‘प्लेट बसली, आता काढ सायकल’: फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

पावसाळा ओसरून मसाई पठाराची वाट सुकू लागली की कोल्हापूरच्या सायकलवाल्यांत एक सल्ला हमखास फिरतो. मनगट मोडून ऑपरेशन झालेल्या गड्याला उद्देशून तो असतो: ‘प्लेट बसली म्हणजे हाड पहिल्यापेक्षा मजबूत. सहा आठवडे झाले की सायकल काढायची. बॉल दाब, दंड मार, मनगट मोकळं होतं. भीती वाटली तर रिस्ट गार्ड घाल, पुढं सस्पेन्शन आहेच. नाद खुळा!’ देणाऱ्याचं मन चांगलं आहे. सल्ला मात्र अर्धवट आहे.

‘प्लेट बसली म्हणजे हाड मजबूत.’ प्लेट म्हणजे हाडावर स्क्रूनं बसवलेली धातूची पट्टी. हाड जुळेपर्यंत तुकडे जागेवर धरून ठेवणं, एवढंच तिचं काम. रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याच्या बाजूनं येणारं हाड; त्याच्या मनगटाकडच्या टोकाला ती बहुतेक वेळा तळहाताच्या बाजूनं बसवतात. त्यामुळे बोटं आणि मनगट लवकर हलवता येतात, हा तिचा खरा फायदा. पण पट्टी जिथं संपते तिथं कडक धातू आणि थोडं लवचिक हाड यांची सीमा तयार होते. पुन्हा जोरात आपटलं तर हाड त्या सीमेवर मोडू शकतं किंवा पट्टीच वाकते, आणि वाकलेली पट्टी काढणं सर्जनलाही नकोसं काम. पुढं कधी प्लेट काढली तर स्क्रूंची भोकं भरून येईपर्यंत काही महिने तो भाग कच्चाच धरायचा. आणखी एक गोष्ट या सल्ल्यात कधीच नसते. पट्टीची कड किंवा स्क्रूचं टोक टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, घासू शकतं. अंगठा वाकवताना किंवा ताठ करताना करकर जाणवली, दुखलं, तर सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा. घासून घासून टेंडन तुटतो, आणि मग अंगठा हलतच नाही.

‘सहा आठवडे.’ कुठल्या हाडाचे? रेडियस साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळत येतो, हे ठीक. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्कॅफॉइडचं गणित निराळं. या छोट्या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलटं मनगटाकडं वाहतं. मधोमध मोडलं तर ८ ते १२ आठवडे लागतात. मनगटाकडचं टोक मोडलं तर ३ ते ६ महिनेही लागतात, कारण त्या तुकड्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो. आत स्क्रू असला तरी रक्तपुरवठ्याची ही अडचण बदलत नाही. एक्स-रेत स्कॅफॉइड जुळल्यासारखं दिसतं आणि जुळलेलं नसतं, म्हणून शंका असेल तर सीटी स्कॅन लागतो. तेव्हा डॉक्टरला ‘सायकल चालवू का?’ एवढंच विचारू नका. कोणतं हाड, जुळल्याचं कशात दिसलं, लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) फाटलं होतं का, सांध्याच्या आत चीर गेली होती का, हे विचारा. आणि ‘सायकल’ म्हणजे रंकाळा तलावाची फेरी नव्हे, दगडांवरून उतार, हेही स्पष्ट सांगा.

‘बॉल दाब, दंड मार.’ बॉल दाबून बोटं मिटायची ताकद येते. उतारावर मनगटाला मात्र धक्क्याविरुद्ध स्थिर राहावं लागतं, आणि हँडल वळवताना कोपरापासूनचा हात फिरावा लागतो. हाड जुळल्याचं कळल्यावर आणि फिजिओथेरपिस्टनं होकार दिल्यावर हलकी हातोडी दांड्याच्या टोकाला धरा, कोपर मांडीवर टेकवा आणि तळवा सावकाश वर-खाली फिरवा. दहाचे तीन सेट, दिवसाआड. जड वाटलं तर पकड हातोडीच्या डोक्याजवळ सरकवा. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो; ती धरून मनगट वर उचलणं हा दुसरा व्यायाम.

दंडाबद्दल तालमीतल्या वस्तादांचा मान राखून सांगतो: जमिनीवर हात टेकताच अंगाचं जवळपास दोन तृतीयांश वजन हातांवर येतं, तेही मनगट पूर्ण मागं दुमडलेलं असताना. तो शेवटचा टप्पा आहे. आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग गुडघे टेकून जमीन. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नसेल तरच पुढची पायरी. प्रगती मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: टेबलावर ठेवून एकेका हातानं दाबा, दुखायला लागण्याआधी किती किलो दाखवतो ते लिहा. दुखरा हात दुसऱ्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत खडबडीत वाट नको. जोर लावून मनगट दुमडणारी मालीश तर मुळीच नको.

‘रिस्ट गार्ड घाल.’ स्केटिंगचा गार्ड घातला तर कडक पट्टीमुळे तळवा ग्रिपवर बसत नाही. मऊ पट्ट्यानं मनगट आठवणीत राहतं, वाचत नाही.

‘सस्पेन्शन आहेच.’ मोठा धक्का फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दबता चिमटा, खातो. सततची बारीक थरथर मात्र टायर खातो, आणि आपल्याकडे तोच दगडासारखा भरलेला असतो. ७० किलोच्या माणसाला सव्वादोन इंची पुढच्या टायरमध्ये ट्यूबलेस असेल तर २२ ते २५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप), ट्यूब असेल तर २८ ते ३० पुरते. त्याखाली गेलात तर जांभा दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होणार. १०० मिलिमीटर दबू शकणारा, हवेवर चालणारा एअर फोर्क, पेडलवर उभं राहिल्यावर साधारण २० मिलिमीटर दबला पाहिजे. स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क बारीक धक्क्याला हलतही नाही.

मग सीट बघा. तिचं नाक खाली झुकलं असेल तर अंग सारखं पुढं घसरतं आणि ते वजन तळव्यांवर येतं. नाक सरळ करा, स्टेमखाली, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, १०-२० मिलिमीटरचे स्पेसर (कड्या) घालून हँडल वर घ्या. ब्रेक लिव्हर उभं राहून लावायचा: कोपर, मनगट आणि बोट एका रेषेत. लिव्हर आत सरकवा, म्हणजे एकाच बोटाचं पहिलं पेर त्याच्या टोकावर येईल. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर ते एक बोट पुरतं. तारेच्या ब्रेकला जास्त जोर लागतो. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, म्हणजे उजवं मनगट मोडलं असेल तर मुख्य ब्रेकच कमजोर हातात. लिव्हरची अदलाबदल करता येते, पण घाबरल्यावर हात जुन्या सवयीनंच दाबतो. त्यापेक्षा ती ताकद येईपर्यंत थांबा.

वाटांचा क्रमही त्याच हिशेबानं. आधी रंकाळा, मग विद्यापीठ परिसराचे चढउतार. पन्हाळा चढायला लवकर जमेल, कारण चढावर हातांवर भार कमी. उतार हीच अडचण: घाटभर ब्रेक धरून पंजा थकतो. सुरुवातीला सायकल टेम्पोत घालून खाली या, चेष्टा झाली तर होऊ दे. ऊस हंगामात ट्रॅक्टरमागं सांडलेली उसाची कांडी चाकाखाली आली की पडताना हात आपोआप पुढं जातो, म्हणून तेव्हा पहाटेच्या अंधारात रस्ता टाळा. मसाईचा जांभा अगदी शेवटी, तोही कोरडा असताना. आणि वेदनाशामक गोळी घेऊन कधीच नाही. थांबायचं कधी हे दुखण्यावरूनच कळतं.